थिन क्लायंट संगणन

थिन क्लायंट संगणन : (कृश-ग्राहक संगणन). ज्या संगणन-व्यवस्थेत वापरणाऱ्याच्या मेजावर केवळ पडदा, कळफलक, माऊस आणि त्यांना जाळ्याशी जोडणारे एक छोटे उपकरण असते व प्रत्यक्ष गणनकार्य, आज्ञावल्या आणि माहितीचा साठा ही सर्व दूरच्या सर्व्हर संगणकावर असतात, त्या व्यवस्थेस थिन क्लायंट संगणन म्हणतात. सेवा मागणारा संगणक तो क्लायंट व ती पुरविणारा तो सर्व्हर. मागणाऱ्या यंत्राचे स्वतःचे सामर्थ्य बेताचे असते म्हणून ते ‘थिन’ म्हणजे कृश. उलट स्वतःची डिस्क, स्वतःच्या आज्ञावल्या व स्वतंत्र परिचालन प्रणाली बाळगणाऱ्या नेहमीच्या वैयक्तिक संगणकास या परिभाषेत ‘फॅट’ म्हणजे स्थूल क्लायंट म्हटले जाते.

मेजावरचे उपकरण स्वस्त मिळते हाच या व्यवस्थेचा मुख्य लाभ होय, असा समज बराच रूढ आहे. तो फारसा बरोबर नाही. देखभालीचे काम आणि माहितीचा साठा शेकडो मेजांवरून उठून एका खोलीत येतो, हा खरा लाभ होय. या व्यवस्थेचा मुख्य धोकाही त्याच गोष्टीतून उद्‌भवतो.

इतिहास : यातील नाव तेवढे नवे आहे, कल्पना जुनी आहे. १९६० च्या सुमारास संगणक इतके महाग होते की, एक यंत्र अनेकांनी वाटून घेण्यावाचून गत्यंतर नव्हते. मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत फेर्नांदो कोर्बातो यांच्या मार्गदर्शनाखाली तयार झालेल्या कालविभाजन प्रणालीचे प्रात्यक्षिक नोव्हेंबर १९६१ मध्ये झाले. संगणक आपला वेळ सूक्ष्म तुकड्यांत विभागून प्रत्येकाकडे आळीपाळीने लक्ष देई आणि यंत्र आपल्या एकट्याच्याच सेवेत आहे, असे प्रत्येकास वाटे. व्यापारी क्षेत्रातील ठळक उदाहरण म्हणजे अमेरिकन एअरलाइन्स व आयबीएम यांनी उभारलेली ‘सेबर’ ही विमानातील आसनांच्या आरक्षणाची यंत्रणा. ती १९६४ मध्ये पूर्णपणे कार्यान्वित झाली. न्यूयॉर्क राज्यातील ब्रायरक्लिफ मॅनर येथील दोन आयबीएम ७०९० संगणक निरनिराळ्या शहरांतील टर्मिनलांना उत्तरे देत.

भारतीय वाचकास हे तत्त्व रेल्वेच्या आरक्षण-खिडकीवरून अधिक सहज समजेल. पूर्वी एखाद्या गाडीच्या आसनांची नोंदवही एका ठरावीक खिडकीवर असे आणि त्या गाडीचे तिकीट हवे असणाऱ्यास त्याच रांगेत उभे राहावे लागे. १९८५ मध्ये नवी दिल्ली येथे संगणकीय आरक्षण सुरू झाले. त्यानंतर कारकुनापुढे पडदा व कळफलक राहिला आणि नोंदवही मध्यवर्ती संगणकात गेली. त्यामुळे कोणत्याही खिडकीवर कोणत्याही गाडीचे तिकीट मिळू लागले. खिडकीवरचे यंत्र हुशार झाले म्हणून हे घडले नाही, नोंद एका जागी आली म्हणून घडले.

ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमचा वैयक्तिक संगणक बाजारात आला आणि पुढील दहा-बारा वर्षे ओघ उलट दिशेने वाहिला. गणनसामर्थ्य मेजावर आले. प्रत्येक कारकुनास स्वतःची डिस्क मिळाली. त्याबरोबरच प्रत्येक डिस्कवर वेगळी आवृत्ती, वेगळा बिघाड आणि वेगळा व्हायरसही आला. १९९३ च्या सुमारास ऑरॅकल कंपनीत ‘थिन क्लायंट’ ही संज्ञा प्रचारात आली. त्या कंपनीचे प्रमुख लॅरी एलिसन यांनी १९९५–९६ मध्ये सु. ५०० डॉलर किंमतीच्या ‘नेटवर्क कंप्यूटर’चा हिरिरीने पुरस्कार केला. तो प्रयोग फसला. एक तर त्या काळची जाळी मंद होती. दुसरे म्हणजे १९९७ मध्ये वैयक्तिक संगणकाचीच किंमत १,००० डॉलरच्या खाली आली व स्वस्ताईचा मुद्दा निष्प्रभ झाला. केवळ उपकरणाच्या किंमतीवर उभारलेला युक्तिवाद किती लवकर ढासळतो, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

टिकून राहिला तो दुसरा, कमी गाजावाजा झालेला मार्ग. आयबीएममधून बाहेर पडलेले एड आयकोबुची यांनी १९८९ मध्ये सिट्रिक्स ही कंपनी स्थापन केली. एकाच विंडोज सर्व्हरवर अनेकांना एकाच वेळी काम करू देणारी विनफ्रेम ही तिची प्रणाली १९९५ मध्ये आली. मायक्रोसॉफ्टने १९९७ मध्ये ते तंत्र वापरण्याचा परवाना घेतला व १९९८ मध्ये विंडोज एनटीची ‘टर्मिनल सर्व्हर’ आवृत्ती काढली. येथे लोकांना परिचयाच्याच आज्ञावल्या परिचयाच्याच रूपात दिसत होत्या. फक्त त्या दुसरीकडे चालत होत्या. सन मायक्रोसिस्टिम्सच्या ‘सन रे’ या १९९९ मधील उपकरणात स्मार्ट कार्ड घालण्याची सोय होती. कार्ड काढून दुसऱ्या मजल्यावरील उपकरणात घातले की, अर्धवट राहिलेले पत्र त्याच ओळीवर पुन्हा समोर येई.

कार्यपद्धती : थिन क्लायंट सुरू होताच तो जाळ्यावरून आपला पत्ता मिळवितो, सर्व्हरचा शोध घेतो आणि वापरणाऱ्याचे नाव व परवलीचा शब्द तपासणीसाठी पाठवितो. त्यानंतर त्याचे काम दोनच प्रकारचे असते. कळ दाबली वा माऊस हलविला, तर त्याची वर्दी सर्व्हरकडे धाडावयाची आणि सर्व्हरने पाठविलेले चित्र पडद्यावर उमटवावयाचे. दर वेळी पूर्ण चित्र येत नाही. पडद्याचा जेवढा भाग बदलला तेवढाच, तोही संपीडित करून येतो. त्यामुळे पत्रव्यवहार व हिशेब यांसारख्या कामास दर माणशी १०० किलोबिट प्रतिसेकंदाच्या आसपासचा वेगही पुरतो. चलच्चित्रास मात्र याच्या कित्येक पट वेग लागतो.

सर्व्हरच्या बाजूस दोन मुख्य पद्धती आहेत. पहिल्या पद्धतीत एकच परिचालन प्रणाली अनेकांमध्ये वाटली जाते. चाळीतील बिऱ्हाडांप्रमाणे प्रत्येकाची खोली वेगळी, पण जिना व पाण्याची टाकी सामाईक. ही पद्धत स्वस्त पडते व एका सर्व्हरवर अनेक कर्मचारी सामावतात; परंतु एकाच्या आज्ञावलीने टाकी रिकामी केली, तर सर्वांचीच अडचण होते. दुसऱ्या पद्धतीत सर्व्हरवर प्रत्येकासाठी एक स्वतंत्र आभासी संगणक निर्माण केला जातो. २००६ नंतर व्हीएमवेअर व इतर कंपन्यांनी तिचा प्रसार केला. यात प्रत्येकास मोकळीक अधिक मिळते, पण स्मृती व डिस्क यांचा खर्चही वाढतो. सकाळी कार्यालय उघडताच सर्वजण एकदम कामास लागले की, सर्व्हरच्या डिस्कवर असह्य भार पडतो. पुष्कळ ठिकाणी योजना कागदावर यशस्वी व पहिल्या सोमवारी अयशस्वी ठरली ती याच कारणाने. सरासरी भार पाहून सर्व्हर घेणे ही या क्षेत्रातील सर्वांत नेहमीची चूक होय. हिशेब साडेनऊच्या ठोक्याचा धरावयास हवा.

देखभाल व खर्च : गार्टनर या सल्लागार संस्थेने १९८७ मध्ये ‘मालकीचा एकूण खर्च’ ही कल्पना संगणकांना लावली. संगणकाची खरेदी हा त्याच्या आयुष्यभराच्या खर्चाचा लहान भाग असून दुरुस्ती, नव्या आवृत्त्या घालणे, साहाय्य आणि बंद राहण्याचा काळ यांवरच अधिक पैसा जातो, असे या विचाराने दाखवून दिले. थिन क्लायंटचा लाभ नेमका येथे आहे. तीनशे संगणक असलेल्या कार्यालयात एखाद्या आज्ञावलीतील दोष दूर करावयाचा, तर तीनशे यंत्रांपर्यंत पोहोचावे लागते. त्यांतील काही बंद असतात, काहींची डिस्क भरलेली असते आणि काहींवर कोणीतरी भलतेच काही घालून ठेवलेले असते. केंद्रीय व्यवस्थेत तोच बदल एका मूळ प्रतीत केला की, दुसऱ्या दिवशी सर्वांपुढे नवी आवृत्ती येते. मेजावरचे उपकरण बिघडले, तर कपाटातील दुसरे आणून तारा जोडावयाच्या. हे काम शिपाईही करू शकतो आणि कर्मचाऱ्याचे काम जेथे थांबले होते तेथूनच पुढे चालू होते. उपकरणात झिजणारे भाग जवळजवळ नसल्यामुळे ते वैयक्तिक संगणकापेक्षा अधिक वर्षे टिकते. नव्या आज्ञावल्यांना अधिक सामर्थ्य लागले, तरी वाढ सर्व्हरमध्ये करावयाची असते.

दुसरी बाजूही जमेस धरली पाहिजे. सर्व्हर, त्याची जोडयंत्रे, जलद साठवण, अखंडित विद्युत् पुरवठा आणि दर माणशी लागणारे परवानाशुल्क हा खर्च आरंभीच करावा लागतो. दहा-पंधरा माणसांच्या दुकानास तो सहसा परवडत नाही. लिनक्सवर आधारलेल्या मुक्त आज्ञावल्यांनी परवान्यांचा भार हलका करता येतो. १९९९ मध्ये सुरू झालेल्या ‘लिनक्स टर्मिनल सर्व्हर प्रॉजेक्ट’मुळे टाकाऊ ठरलेले जुने संगणकही डिस्क काढून थिन क्लायंट म्हणून वापरता येऊ लागले. फ्लॉरिडातील लार्गो या लहान शहराच्या पालिकेने अशा मार्गाने शेकडो कर्मचाऱ्यांचे काम मोजक्या सर्व्हरांवर चालवून दाखविले.

विद्युत् शक्तीची बचत हा जाहिरातींतील आवडता मुद्दा असल्याने तो थोडा तपासून पाहणे इष्ट आहे. उदाहरणादाखल १०० मेजांचे कार्यालय घेऊ. पडदे दोन्ही व्यवस्थांत सारखेच असल्यामुळे ते सोडून देता येतील. वैयक्तिक संगणकास ८० वॉट धरल्यास दिवसाचे ८ तास व वर्षाचे ३०० दिवस मिळून १९,२०० युनिटे लागतात. थिन क्लायंटला १२ वॉट धरले, तर तेवढ्याच काळात २,८८० युनिटे पुरतात. हा फरक डोळे दिपविणारा आहे. परंतु प्रत्येकी ५०० वॉटचे दोन सर्व्हर रात्रंदिवस चालत राहिल्यास वर्षाला ८,७६० युनिटे घेतात व ते थंड ठेवण्यास त्याच्या निम्मी, म्हणजे ४,३८० युनिटे धरावी लागतात. एकूण बेरीज १६,०२० होते. याचा अर्थ वरवर दिसणारी पाच-षष्ठांशाहून अधिक बचत प्रत्यक्षात सु. एक-षष्ठांशावर येते. अर्थात मेजांवरील उष्णता कमी झाल्याने कार्यालयाच्या वातानुकूलनावरचा भार घटतो आणि रात्री एक सर्व्हर बंद ठेवता आला, तर आकडे पुन्हा सुधारतात. तथापि केवळ वीजबिलाकडे पाहून ही व्यवस्था स्वीकारणाऱ्याची निराशा होण्याचा संभव आहे.

कारखान्यांतील उपयोग : कार्यालयापेक्षा कारखान्यात थिन क्लायंटचे गुण अधिक उठून दिसतात. सूतगिरणीतील तंतू, ओतशाळेतील धूळ, पिठाच्या गिरणीतील बारीक भुकटी, यंत्रांचे कंपन आणि भट्टीजवळची उष्णता हे नेहमीच्या संगणकाचे शत्रू होत. त्याचा पंखा बाहेरची हवा आत ओढतो व तिच्याबरोबर कचराही. थिन क्लायंटमध्ये बहुधा पंखा नसतो आणि फिरणारी डिस्कही नसते. त्यामुळे तो पूर्ण बंद पेटीत बसविता येतो. यंत्रचालकापुढील पडद्यावर तापमान, दाब, उत्पादनाची गती इ. दिसतात, पण ती दाखविणारी आज्ञावली नियंत्रण कक्षाजवळील सर्व्हरवर चालते. रात्रपाळीत पडदा बंद पडला, तर तंत्रज्ञ येईपर्यंत उत्पादन थांबविण्याची गरज राहत नाही.

औषधनिर्मितीत याला आणखी एक कारण आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचे इलेक्ट्रॉनीय नोंदींविषयीचे नियम १९९७ पासून लागू आहेत. कोणती नोंद कोणी, केव्हा केली व नंतर ती कोणी बदलली, याचा माग त्यांनुसार राखावा लागतो. त्या देशास औषधे निर्यात करणाऱ्या भारतीय कारखान्यांनाही ते पाळावे लागतात. नोंदी प्रयोगशाळेतील सुट्या संगणकांवर विखुरलेल्या असतील, तर त्या पुसण्यास वा घड्याळ मागे फिरविण्यास वाव राहतो. त्या केंद्रीय सर्व्हरवर असतील, तर प्रामाणिकपणाची हमी मिळते असे नाही. अप्रामाणिकपणा अवघड मात्र होतो. शिवाय निर्जंतुक खोलीत पुसून घेता येण्याजोगा, पंखा नसलेला पडदा सोयीचा पडतो. मात्र यंत्रे प्रत्यक्ष थांबविणारी सुरक्षा-नियंत्रणे थिन क्लायंटवर कधीही सोपवीत नाहीत; ती यंत्राजवळच्या स्वतंत्र नियंत्रकाकडेच ठेवतात.

माहितीची सुरक्षितता : मेजावर डिस्कच नसल्यामुळे उपकरण चोरीस गेले, तरी त्यात ग्राहकांची खाती, पगारपत्रके वा आराखडे जात नाहीत. बाहेरून आणलेला पेनड्राइव्ह जोडण्याची सोय एका ठिकाणाहून बंद करता येते. दररोजच्या प्रती काढणे, हे कर्मचाऱ्याच्या आठवणीवर अवलंबून राहत नाही.

या मुद्द्याचे महत्त्व व मर्यादा दोन्ही जून २०१७ मधील ‘नॉटपेट्या’ हल्ल्यात दिसून आल्या. मर्स्क या डॅनिश नौवहन कंपनीचे संगणक काही तासांत निकामी झाले व तिच्या समूहाकडून चालविल्या जाणाऱ्या मुंबईजवळील जवाहरलाल नेहरू बंदरातील कंटेनर टर्मिनलचे कामही विस्कळित झाले. दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० वैयक्तिक संगणक नव्याने उभारावे लागले, असे कंपनीच्या अध्यक्षांनी जानेवारी २०१८ मध्ये सांगितले. मेजावर थिन क्लायंट असते, तर या पंचेचाळीस हजारांच्या उभारणीचा बराचसा व्याप वाचला असता. परंतु चार हजार सर्व्हर तर तरीही गेलेच असते, आणि ते गेल्यावर थिन क्लायंट हा केवळ एक काळा पडदा उरतो. म्हणून केंद्रीकरणाबरोबर सर्व्हरच्या प्रती जाळ्यापासून अलग व दुसऱ्या गावी ठेवणे हे अनिवार्य ठरते.

जाळे व अंतर : थिन क्लायंटवर उमटणारे प्रत्येक अक्षर सर्व्हरपर्यंत जाऊन परत येते. त्यामुळे जाळ्याच्या वहनक्षमतेइतकाच, किंबहुना तिच्याहून अधिक, विलंब महत्त्वाचा असतो. प्रकाशीय तंतूतून संदेश सेकंदाला सु. २,००,००० किमी. वेगाने जातो. नागपूरच्या शाखेतून मुंबईच्या सर्व्हरपर्यंत ८०० किमी. लांबीचा तारमार्ग धरल्यास जाण्यायेण्यास सु. ८ सहस्रांश सेकंद लागतात. ते जाणवतही नाहीत. तोच सर्व्हर अमेरिकेत असेल, तर सरळ अंतरावरच १२० सहस्रांश सेकंदांहून अधिक काळ जातो आणि वळणावळणाच्या मार्गामुळे प्रत्यक्षात दोनशेच्या वर. एवढ्या विलंबाने टंकलेखन करणाऱ्याची बोटे पुढे व अक्षरे मागे, अशी स्थिती होते. हा दोष अधिक पैसे मोजून दूर होत नाही. तो निसर्गनियमाचा भाग आहे. सर्व्हर जवळ आणणे एवढाच त्यावर उपाय.

जोडणी तुटली, तर काम मंदावत नाही, थांबते. केंद्रीय खातेपद्धती आलेल्या बँकेच्या ग्रामीण शाखेत ‘लिंक नाही’ हे दोन शब्द ज्याने पासबुक हाती धरून ऐकले आहेत, त्यास हे विस्ताराने सांगण्याची गरज नाही. पूर्वी शाखेचा खातेवही-संगणक बिघडे तेव्हा एकाच शाखेचे काम अडे. केंद्र बिघडल्यास सर्वच शाखांचे अडते. यासाठी दोन निरनिराळ्या कंपन्यांच्या जोडण्या, जोडीने चालणारे सर्व्हर आणि वेगळ्या भूकंपक्षेत्रातील पर्यायी केंद्र यांची तजवीज करावी लागते. तिचा खर्च मूळ योजनेतच धरलेला नसेल, तर ती योजना अपुरी समजावी.

वरील कारणांमुळे फिरत्या विक्रेत्यांना, जोडणी बेभरवशाची असलेल्या ठिकाणांना व चलच्चित्र-संपादनासारख्या कामांना ही व्यवस्था मानवत नाही. यंत्रांचे त्रिमितीय आराखडे काढणाऱ्यांनाही ती पूर्वी निरुपयोगी होती. २०१२ नंतर चित्रप्रक्रियक अनेकांत वाटून देणे शक्य झाल्याने तेथे तिचा शिरकाव झाला. विमा व बँक कार्यालये, ग्राहक-सेवा केंद्रे, रुग्णालयांतील नोंदणी, शाळांच्या संगणकखोल्या यांसारखी, अनेकांनी एकाच प्रकारचे काम करावयाची ठिकाणे तिला सर्वांत अनुकूल असतात.

मार्च २०२० मध्ये कोव्हिड साथीमुळे टाळेबंदी झाली तेव्हा या व्यवस्थेचा एक वेगळाच पैलू पुढे आला. भारतातील अनेक माहिती-तंत्रज्ञान व ग्राहक-सेवा कंपन्यांना कर्मचाऱ्यांच्या घरी संगणक पोहोचवावे लागले. त्याच वेळी परदेशी ग्राहकांची गोपनीय माहिती त्या घरांपर्यंत जाऊ नये, हेही पाहावे लागले. ज्यांची मेजे आधीच सर्व्हरवर होती त्यांना केवळ प्रवेशाचा मार्ग घरापर्यंत वाढवावा लागला. तथापि कार्यालयातील जाळ्याची जागा आता घरगुती जोडणीने घेतली व विलंबाचा प्रश्न प्रत्येकाच्या बैठकीच्या खोलीत जाऊन पोहोचला.

ऑगस्ट २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज ३६५’ ही सेवा सुरू करून पूर्ण संगणकच महिन्याच्या भाड्याने जाळ्यावरून देऊ केला. अशा सेवांमुळे स्वतःची सर्व्हरची खोली उभारण्याचा आरंभीचा मोठा खर्च टळतो व दहा-पंधरा माणसांच्या उद्योगासही ही व्यवस्था आवाक्यात येते. मात्र भाडे दरमहा चालू राहते आणि सर्व्हर कोठे असावा, त्याच्या प्रती किती दिवस राखाव्यात व करार संपल्यावर माहिती कोणत्या स्वरूपात परत मिळावी, या गोष्टी तंत्रज्ञाऐवजी करारपत्रात ठरतात.